दवंडी पाहिजे, चावडी नको!

फराळाच्या ताटात लाडू-करंज्यांच्या शेजारी एखादी तळलेली मिरचीही असावी, अशा समजुतीने हा लेख लिहीत आहे. ज्यांना केवळ गोडच हवे असेल त्यांनी खुशाल पुढची पाने उलटावीत. संपादकांनी त्यांचीही सोय केलेली आहे.

माझे म्हणणे सरळ आहे. आपल्या राज्यकर्त्यांना इंटरनेट हवे आहे, पण ते दवंडीसारखे. दवंडीवाला डफ बडवतो, सरकारचा हुकूम सांगतो आणि पुढच्या आळीला निघून जातो. त्याला कोणी उलट प्रश्न विचारीत नाही. इंटरनेट मात्र जातीने चावडी आहे. तिथे मंत्री बोलला की खालच्या पायरीवरचा गणपा लोहारही बोलतो, आणि पुष्कळदा मंत्र्यापेक्षा मुद्द्याचे बोलतो. खरे दुखणे आहे ते इथे. आणि हे दुखणे कोणा एका पक्षाचे नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर घरोघरची पक्षाभिमानी मंडळी चकली सोडून मलाच खायला उठायची.

२००८ च्या डिसेंबरात माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६-अ नावाचे कलम घालण्यात आले. लोकसभेने ते चर्चेवाचून मंजूर केले. कोणाला ‘त्रास’ किंवा ‘गैरसोय’ होईल असे काही पाठवले तर तीन वर्षांपर्यंत कैद! अहो, या मापाने मोजायचे ठरवले तर माझ्या वर्गातली साठच्या साठ पोरे रोज दुपारच्या सुट्टीपर्यंत तुरुंगात गेली असती. २०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत सारे बंद होते, तेव्हा पालघरच्या एका तरुण मुलीने फेसबुकवर त्या बंदाविषयी शंका लिहिली. तिच्या मैत्रिणीने त्या मजकुराला पसंतीचा अंगठा दाखवला. दोघींनाही अटक झाली. पहिलीच्या चुलत्याचा दवाखाना जमावाने फोडला. लोकांचा शोक खरा होता, तो मी समजू शकतो. पण अंगठा दाखवला म्हणून पोलीस दारात? २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. तोवर दिल्लीत सरकार बदलले होते, आणि मौज अशी की एका सरकारने आणलेल्या त्या कलमाची वकिली दुसऱ्या सरकारने कोर्टात केली. पुढे २०२१ मध्ये कळले की रद्द झालेल्या त्याच कलमाखाली देशात अजून गुन्हे नोंदवले जात आहेत. मेलेला कायदा ठाण्यात जिवंत होता!

हे झाले बोलणाऱ्याला पकडण्याचे. त्याहून सोपा उपाय म्हणजे चावडीच बंद करणे. जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये इंटरनेट तोडले. वेगवान जोडणी सगळीकडे परत मिळायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. मधल्या काळात करोना आला, शाळा मोबाईलवर गेल्या, आणि तिथली मुले रखडत चालणाऱ्या टू-जीवर धडे गिरवीत बसली. फळ्यावरचे एक अक्षर उमटायला दोन मिनिटे लागावीत, अशा वर्गात शिकवून पाहा म्हणजे कळेल.

आता परीक्षेची गोष्ट. माझ्या धंद्यातली म्हणून जरा रेंगाळतो. २६ सप्टेंबर २०२१ रोजी राजस्थानात शिक्षक-पात्रता परीक्षा होती. कॉपी होऊ नये म्हणून सरकारने अनेक जिल्ह्यांतले इंटरनेटच बंद केले. शेतकऱ्याचे, वाण्याचे, दवाखान्याचे, साऱ्यांचे! आणि पेपर? तो परीक्षेच्या आधीच जयपूरच्या शिक्षण संकुलातून, म्हणजे सरकारच्याच घरातून, चोरीला गेला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यातली दुसऱ्या स्तराची परीक्षा रद्द करावी लागली. तिजोरीची किल्ली चोराच्या हाती आणि कुलूप मात्र गावाच्या तोंडाला!

कोणी म्हणेल, मास्तर, दंगल पेटली, अफवा पसरली तर सरकारने हात बांधून बसावे काय? प्रश्न रास्त आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरे पळवणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध माणसे ठेचून मारली. मोबाईलवरून फिरलेल्या अफवांचे ते फळ होते. पण विचार करा: अफवा तर पाणवठ्यावरूनही गावभर फिरते; तिचे खंडन करायला मात्र तहसीलदाराला, पोलिसाला, शहाण्या शेजाऱ्याला बोलण्याची वाट मोकळी असावी लागते. तारा तोडल्या की अफवा पायी चालत राहते आणि खरी बातमी वेशीवर अडकते.

आणि ज्या सरकारने पिकाची नोंद मोबाईलवर करायला लावली, सातबारा संगणकावर नेला, रेशनला यंत्रावर अंगठा मागितला, त्याच सरकारने सकाळी उठून यंत्राचा प्राण काढून घ्यावा? शेतकऱ्याने मग अंगठा कुठे लावावा, कपाळाला?

या बंदीच्या कायद्याची कुळकथाही ऐकण्यासारखी आहे. इंग्रजाने १८८५ साली तारायंत्राचा कायदा केला. आपल्या देशातली तार २०१३ च्या जुलैत कायमची थांबली, पण तो कायदा थांबला नाही. त्याच्याच आधारावर २०१७ मध्ये इंटरनेट बंद करण्याचे नियम झाले. पुढे २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आला, त्यातही ती जुनी ‘सार्वजनिक सुरक्षितता’ आपल्या जागी बसलेलीच आहे. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बेमुदत बंदी चालणार नाही आणि बंदीचे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत. डिसेंबर २०२१ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने पाहिले तेव्हा देशात किती वेळा इंटरनेट बंद झाले याची नोंद ना गृहखात्याकडे, ना दूरसंचार खात्याकडे! माझ्या शाळेत एका दिवसाची हजेरी मांडायची राहिली तर तपासनीस साहेब माझा पगार अडवायला निघतात.

या आठवड्यात तुमच्या मोबाईलवर आमदार-खासदारांच्या शुभेच्छा येतील; पणती, हसरा चेहरा, जोडलेले हात. त्यांना उत्तर जरूर पाठवा. शुभेच्छा द्या, आणि खाली एक ओळ लिहा: साहेब, आपल्या जिल्ह्यात इंटरनेट आजवर किती दिवस, कोणाच्या हुकमाने आणि कशासाठी बंद होते? उत्तर आले तर या अंकाच्या संपादकांकडे अवश्य धाडा. ते पुढच्या दिवाळीला छापायची जबाबदारी माझी.