मट कीं अल्पाइन?

एका वाचक गृहस्थांचा प्रश्न आला आहे. घरांतील जुन्या संगणकावर चित्रांचा व माउसचा पसारा नको. काळ्या पडद्यावर केवळ अक्षरें दिसावींत, कळफलकावरच सर्व कारभार चालावा आणि वडीलधाऱ्यांसही आपला ई-मेल वाचतां यावा. तर कोणता प्रोग्रॅम घ्यावा? असे प्रोग्रॅम गेल्या शतकांतले असले तरी टाकाऊ नाहींत. पत्रांतील दूरस्थ चित्र उघडलें म्हणजे तें वाचल्याची वर्दी पाठविणारास पोंचूं शकते. येथें चित्र आपण होऊन मागविलेंच जात नाहीं, हा लाभ लहान नव्हे.

१९८६ सालचा ‘एल्म’ आतां कोणीं नव्यानें घेऊं नये. उरतात दोन. वॉशिंग्टन विद्यापीठांत १९८९ सालीं ‘पाइन’चें काम सुरू झालें, त्याचाच नवा अवतार २००७ सालीं ‘अल्पाइन’ या नांवानें निघाला. दुसरा ‘मट’, मायकेल एल्किन्स यांनीं १९९५ सालीं रचिलेला. मट म्हणजे संकरज कुत्रें. इतरांचे गुण उचलून केलेला, म्हणून हें नांव.

मटची रचना सूत्रमय आहे. त्याचें सारें वर्तन एका फाइलींतील आंखूड ओळींनीं ठरतें. पत्र लिहिण्याची सोयही तो स्वतः देत नाहीं. बाहेरचा संपादक बोलावितो. तो पुष्कळदां ‘व्हीआय’ असतो, व त्यांतून बाहेर कसें पडावें हेंच नवख्यास उमगत नाहीं. अल्पाइन लेखनाची सोय पदरींच बाळगतो आणि कोणत्या कळीनें काय होईल तें पडद्याच्या तळाशीं दोन ओळींत मांडून ठेवितो. मार्गोपदेशिका शिकणाऱ्या मुलाच्या हातीं अष्टाध्यायी द्यावी काय?

संस्कृताच्या अभिमानानें मीं स्वतः मात्र मट पत्करिला, व त्याचें प्रायश्चित्तही भोगलें. वडिलोपार्जित घराच्या वांटणीविषयीं थोरल्या बंधूंचें पत्र सर्व कुटुंबास आलें होतें. त्यांस एकट्यांस उत्तर धाडावयाचें तर ‘आर’ दाबावयाचा. मीं दाबिला ‘जी’, म्हणजे सर्वांस उत्तर. धाकट्या भावजयीविषयींचा एक कठोर शब्द तिच्यासह अकरा घरीं पोंचला. पाठविण्यापूर्वीं सर्व पत्ते पडद्यावर होते, मींच ते वाचले नाहींत. यंत्रास दोष कसा द्यावा? तथापि अशा वेळीं अल्पाइन ‘सर्वांस उत्तर द्यावयाचें काय?’ असें विचारतो. त्या एका प्रश्नानें आमच्या घरांतील दीड वर्षांचा अबोला कदाचित् टळला असता.

ज्यास रोज शेंकडों पत्रें निवडून एकदम हलवावयाचीं असतात, त्यानें मट अवश्य शिकावा. त्याची शोध घेण्याची हातोटी मला अजून सोडवत नाहीं. परंतु जेथें एकाच संगणकावर तीन पिढ्या बसतात तेथें अल्पाइन.

आधीं एक परीक्षा मात्र करावी. ‘लक्ष्मी’, ‘श्रीकृष्ण’, ‘दुसऱ्या’ असे शब्द लिहून स्वतःसच पत्र धाडावें. दोन्ही प्रोग्रॅमांस युनिकोड समजतें. परंतु ज्या टर्मिनलांत ते चालतात तें पडद्याचे सारखे चौकोन पाडतें, आणि आपलीं जोडाक्षरें व वेलांट्या त्यांत नीट बसत नाहींत. पुष्कळ ठिकाणीं अक्षरें फुटतात. तसें झाल्यास प्रोग्रॅमास नांवें न ठेवितां प्रथम टर्मिनल बदलून पाहावें.