अंतर कोठून मोजावे?

मुंबईपासून जेद्दा शहर किती दूर आहे? नकाशावर हे अंतर सुमारे ३५०० किलोमीटर भरते. विमान ते साधारण पाच तासांत कापते. परभणी ते मुंबई हे अंतर रेल्वेने सुमारे ५५० किलोमीटर आहे. पण त्याला जवळजवळ दहा तास लागतात. सहापट दूरचे शहर निम्म्या वेळात येते!

आपल्या जिल्ह्यातून कोणी हज-उमऱ्यासाठी, तर कोणी नोकरीसाठी तिकडे जातात. पूर्वी हजयात्रेकरू मुंबईहून जहाजाने जात. समुद्रात आठवडाभर किंवा त्याहूनही अधिक दिवस जात. ही जहाजे १९९५ साली बंद झाली. तेव्हापासून लोक म्हणू लागले, "आता काय, पाच तासांचा तर प्रवास!" मला हे म्हणणे अपुरे वाटते.

जरा हिशेब करा. रेल्वेचे दहा तास, विमानतळावर आधी पोहोचण्याचे तीन तास आणि विमानाचे पाच तास. एकूण अठरा तास झाले. त्यांतले आकाशातले फक्त पाच! पाथरी किंवा जिंतूरच्या प्रवाशाला तर आधी एस.टी.ने रेल्वे स्टेशन गाठावे लागते. म्हणून अंतर विमानतळापासून नव्हे, घराच्या उंबरठ्यापासून मोजावे.

तिकिटावरील वेळा पाहूनही फसगत होते. सौदी अरबस्तानचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. मुंबईहून सकाळी दहाला निघालेले विमान तेथे साडेबाराला पोहोचते. प्रवास अडीच तासांचा वाटतो, पण असतो पाच तासांचा. परत येताना दुपारी एकला निघालेले विमान मुंबईत रात्री आठला उतरते. आता प्रवास सात तासांचा वाटतो. प्रत्यक्षात तो साडेचार तासांचाच असतो. उंचावरचे वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून येताना विमानाला मदत होते.

मग आपला प्रवास सुखाचा कसा होईल? काही जण म्हणतात, परभणीलाही विमानतळ हवा. पण केवळ धावपट्टी बांधून भागत नाही. शेजारी नांदेडला विमानतळ आहे; तेथील सेवा अनेकदा बंद पडली आणि पुन्हा सुरू झाली. माझ्या मते आधी रेल्वे सुधारली पाहिजे. पूर्वी मनमाडला गाडी बदलावी लागे, कारण आपला लोहमार्ग अरुंद होता. १९९० नंतरच्या काही वर्षांत तो रुंद झाला आणि थेट गाड्या आल्या. तरी मनमाडकडचा मार्ग दीर्घकाळ एकेरीच राहिला. एकेरी मार्गावर समोरून गाडी आली, की आपली गाडी स्टेशनात खोळंबते. हा मार्ग दुहेरी झाल्यास हा खोळंबा टळेल. त्याचा लाभ विमानाने जाणाऱ्यांनाच नव्हे, तर बाजाराला, दवाखान्याला आणि कॉलेजला जाणाऱ्या सर्वांनाच होईल.

वेगवान विमान ही विज्ञानाची देणगी आहे, यात शंका नाही. परंतु म्हाताऱ्या माणसाला थकवतो तो जमिनीवरचा प्रवास. तुमच्या घरातले कोणी परदेशी निघाले, तर कागद-पेन्सिल घ्या. दारापासून दारापर्यंतचा वेळ मांडा आणि घड्याळातला फरकही धरा. तुमचा हा छोटा हिशेब त्यांची मोठी धावपळ वाचवील.