आडवी बाटली आणि गैरहजर मत

अमेरिकेंतील ओहायो राज्यानें २०१५ सालीं नगरसभांना एक नवा अधिकार दिला. शहराचा एखादा भाग नकाशावर आंखून, त्या चतुःसीमेच्या आंत, ठरलेल्या वेळीं, परवानाधारक दुकानांतून घेतलेला मद्याचा पेला हातीं धरून लोकांना रस्त्यावर हिंडूं द्यावें, असा तो अधिकार होय. हें वाचून आमच्या कित्येक वाचकभगिनी कानांवर हात ठेवतील. तथापि त्यांत एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. मद्याला जागा कोठें द्यावी, हा प्रश्न तेथें उघडपणें नगरसभेपुढें येतो.

आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें पिणाऱ्यास परवाना लागतो, आणि सार्वजनिक जागीं झिंगलेल्या स्थितींत सांपडणें हा गुन्हा ठरतो. परंतु दुकान कोठें असावें, हें ज्यांच्या संसाराला त्याची झळ लागते त्या स्त्रियांना विचारतो कोण? २००८ च्या शासकीय आदेशानें ही वाट कांहींशी मोकळी केली. पुरेशा स्त्रियांनीं मागणी केल्यास गुप्त मतदान घ्यावें. मतपत्रिकेवर एक बाटली उभी व एक आडवी. मात्र दुकान बंद होण्यास, झालेल्या मतांच्या नव्हे, तर एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतें आडव्या बाटलीस पडावींत, अशी अट त्या आदेशानें घातली.

ही अट बीड जिल्ह्यांत फार जड जाते. येथील लक्षावधि स्त्रीपुरुष दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. त्या अवधींत मतदान झालें, तर कोयता घेऊन फडांत उभी असलेली बाई न बोलतांच उभ्या बाटलीच्या पदरांत मत टाकते! असें मतदान पावसाळ्यांत, माणसें घरीं असतांना घ्यावें, एवढें मागण्यास कोणता नवा कायदा हवा?

आणि शहरांतील आपल्या घरांचें काय? आपल्या सासवासुनांना कोणी फडावर नेलेलें नसतें. तरी “दारूच्या गोष्टींत आपण कशाला पडावें?” या संकोचानें त्या घरींच राहिल्या, तर हिशेब तोच होतो. तोडणीवरची बाई येऊं शकत नाहीं. आपल्याला येतां येतें. मतदानाच्या दिवशीं घरांतील कर्त्या पुरुषांनीं घटकाभर चूल सांभाळली, तरी पुष्कळ झालें.