झाकणाखालचे विद्यापीठ

रसायनशास्त्र शिकलेल्या कोणालाही किपचे उपकरण आठवत असेल. एकावर एक बसवलेले काचेचे तीन फुगे, मधल्या फुग्यात आयर्न सल्फाइडचे काळे खडे, वरून ओतलेले आम्ल आणि इमारतभर पसरलेला कुजक्या अंड्यांचा वास. त्या वासावरून आमचा विभाग नवख्या माणसालाही सापडत असे. हा हायड्रोजन सल्फाइड मी जवळजवळ तीस वर्षे शिकवला. तो कसा तयार करावा, त्याचे गुणधर्म कोणते, कोणत्या धातूच्या द्रावणात त्याने कोणत्या रंगाचा अवक्षेप येतो, हे सगळे मी फळ्यावर लिहून देत असे. तो विषारी आहे हेही एका ओळीत सांगत असे. त्या ओळीवर परीक्षेत सहसा प्रश्न येत नसे.

विभागापासून शंभर पावलांवर मुलांचे वसतिगृह आहे. काही वर्षांपूर्वी मेअखेरीस, पावसाळ्याआधीच्या साफसफाईत, त्याच्यामागचा चेंबर तुंबला. रविवार होता. कंत्राटदाराने दोन तरुण पाठवले होते, दोघे चुलतभाऊ. झाकण उचलून दहा मिनिटे झाली असतील नसतील, धाकटा बादली घेऊन आत उतरला. त्याने गाळ ढवळला आणि काही न बोलता तो खाली बसला. ओरडला नाही, हातपाय झाडले नाहीत. मी ग्रंथालयाकडे निघालो होतो. गलका ऐकून धावलो आणि चेंबरच्या तोंडाशी ओणवून आत पाहू लागलो. "सर, मागं व्हा!" असे म्हणून मला मागे रेटले ते वसतिगृहाच्या सुरक्षारक्षकाने. थोरल्या भावालाही त्याने कंबरेला मिठी घालून धरून ठेवले होते. "सोडा काका, भाऊ आहे माझा," म्हणून तो पोरगा धडपडत होता.

धाकट्याच्या कमरेला दोर होता, म्हणून चौघांनी मिळून त्याला वर ओढता आले. तो वाचला. पण तो दोर कंत्राटदाराने दिलेला नव्हता आणि विद्यापीठानेही दिलेला नव्हता. गावाकडे विहिरींचा गाळ काढणाऱ्या त्याच्या वडिलांनी लावलेली ती सवय होती. त्या दिवशी त्या जागी सर्वांत जास्त शिकलेला माणूस मी होतो आणि सर्वांत मोठी चूक मीच केली. त्या वायूचा रेणुभार मला पाठ होता, तरी मी त्याच्या तोंडावर वाकलो.

सुरक्षारक्षकाने थोरल्याला का धरले, हे मला नंतर वाचताना कळले. कामगारांच्या सुरक्षिततेचे संशोधन करणाऱ्या अमेरिकेतील सरकारी संस्थेने १९८६ साली एक इशारा प्रसिद्ध केला होता. बंदिस्त जागांत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक माणसे दुसऱ्याला वाचवायला उतरलेली असतात, असे त्यात म्हटले होते. आपल्याकडच्या बातम्या आठवून पाहा. एकाच टाकीत बाप आणि मुलगा, एकाच विहिरीत तीन भाऊ. पहिला अज्ञानाने जातो, बाकीचे मायेने जातात.

या प्रकाराची चौकशी झाली. समितीत मीही होतो. 'कंत्राटदाराच्या कामगाराने पुरेशी दक्षता घेतली नाही' असे वाक्य अहवालात आले आणि त्याखाली इतरांबरोबर मीही सही केली. दक्षता म्हणजे नेमके काय, ती घ्यायला त्याच्याजवळ काय साधन होते, हा प्रश्न कोणी विचारला नाही. मीही नाही. हा लेख त्या सहीची थोडीशी फेड म्हणून लिहीत आहे.

मुळात अशा जागेत माणसाला दक्ष राहता येत नाही, कारण त्याची इंद्रियेच त्याला फसवतात. हायड्रोजन सल्फाइडचा वास अगदी अल्प प्रमाणातही येतो. पण दहा लाख भाग हवेत त्याचे शंभरेक भाग झाले की काही मिनिटांत नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. उतरणाऱ्याला वाटते, हवा सुधारली. प्रमाण हजाराच्या घरात गेले की एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. गाळ ढवळल्यावर तर सोड्याची बाटली हलवावी तसा कोंडलेला वायू एकदम सुटतो. प्राणवायूची गत याहून वाईट आहे. हवेत तो सुमारे २०.९ टक्के असतो आणि १९.५ च्या खाली धोका मानतात. पण तो कमी झाला म्हणून आपला जीव घुसमटत नाही. श्वासाची ओढ मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्याने लागते, हे हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ सालीच दाखवून दिले. म्हणून नुसता प्राणवायू संपलेल्या जागेत माणूस न घुसमटता, न कळता शुद्ध हरपतो. शरीरक्रियाशास्त्राच्या वर्गात हे दरवर्षी शिकवले जाते. चेंबरमध्ये उतरणारा त्या वर्गात कधी बसलेला नसतो.

आणि विद्यापीठात अशी जागा काही एकच नसते. सांडपाण्याचे चेंबर, वसतिगृहांच्या मैल्याच्या टाक्या, खानावळीचा गोबरगॅस, जमिनीखालच्या पाण्याच्या टाक्या, विजेच्या तारांचे भुयारी चर, लिफ्टखालचा खड्डा, वनस्पती उद्यानातली जुनी विहीर. यांतल्या काहींत घाण नसते, म्हणून त्या निर्धोक वाटतात. पण बंद लोखंडी टाकी नुसती गंजली तरी आतला प्राणवायू खाते. टाकीला आतून रंग दिला तर त्याची वाफ साठते. विहिरीत डिझेलचा पंप उतरवून चालवला तर बिनवासाचा कार्बन मोनॉक्साइड भरतो. प्रयोगशाळाही सुटलेल्या नाहीत. एक लिटर द्रवरूप नायट्रोजनचा सुमारे सातशे लिटर वायू होतो. खिडकी नसलेल्या खोलीत तो सांडला तर संशोधक विद्यार्थ्याची आणि त्या सफाई कामगाराची गाठ एकाच संकटाशी पडते.

आपल्या जुन्या लोकांना याची जाण नव्हती असे नाही. जुन्या विहिरीत उतरण्याआधी दोराने पेटता कंदील सोडून पाहण्याची रीत खेडोपाडी होती. सांगली-हरिपूरकडे हळदीची पेवे असत. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे, हवा खेळू देत. साठवलेला मालही श्वास घेतो आणि कोंडलेली हवा मारक होते, हे त्यांनी पुस्तकाविना ओळखले होते. मात्र हे शहाणपण अर्धे आहे. ज्योत विझायला प्राणवायू बराच खाली, सोळा टक्क्यांच्या आसपास यावा लागतो. विषारी वायूची कंदिलाला दखल नसते. आणि मैल्याच्या टाकीत मिथेन असेल तर तोच कंदील स्फोट घडवील. उरलेले अर्धे शहाणपण आज हाताच्या पंजाएवढ्या यंत्रात मिळते. प्राणवायू, ज्वालाग्राही वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड ही चारही प्रमाणे ते एकदम दाखवते.

करायचे काय, हेही गूढ नाही. पहिला प्रश्न हा की आत उतरायची गरज आहे का? गाळ खेचणारी गाडी मुंबईच्या चाळींतल्या बोळात शिरत नाही, ही अडचण खरी आहे. विद्यापीठाच्या रुंद रस्त्यांना ती सबब चालणार नाही. उतरणे अटळच असेल तर आजूबाजूची झाकणे उघडून पंख्याने ताजी हवा आत सोडावी. हवा वर, मध्ये आणि तळाशी मोजावी, कारण मिथेन वर चढतो आणि हायड्रोजन सल्फाइड खाली बसतो. काम चालू असतानाही मोजत राहावे. छाती-खांद्याला पट्टा, त्याला दोर आणि वर ओढून घेण्याची तिपाई असावी. तोंडाशी एक माणूस उभा राहावा, ज्याचे काम फक्त पाहणे आणि ओढणे. त्याने कोणत्याही कारणाने आत उतरू नये. हे सर्व झाल्याचा सहीचा कागद कामाआधी तयार असावा. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३६व्या कलमाने यातले सार सांगून ठेवले होते. जाणकाराने स्वतः हवा तपासून लेखी दाखला द्यावा. नाहीतर उतरणाऱ्याला श्वसनयंत्र आणि पट्टा असावा व पट्ट्याच्या दोराचे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असावे. विद्यापीठ हा कारखाना नव्हे, म्हणून ते कलम आमच्या फाटकाबाहेरच राहिले.

"हे कंत्राटदाराचे काम," असे उत्तर कार्यालयात मिळते. ते कायद्याला मान्य नाही. २०१३ च्या कायद्याने गटारे आणि मैल्याच्या टाक्यांच्या धोकादायक सफाईसाठी कोणालाही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कामाला लावण्यास मनाई केली आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई २०१४ साली दहा लाख ठरवली आणि २०२३ साली ती तीस लाख केली. रक्कम वाढली हे योग्यच झाले. पण ती मृत्यूनंतर मिळते. पैशांची अडचण सांगणाऱ्यांना मी एवढेच विचारतो की पदवीदान समारंभाच्या मांडवाला कधी अडचण आली आहे का?

खरे कारण पैशाचे नाही. झाकणाखाली उतरणारा कोणत्या वस्तीतून येतो, कोणत्या जातीचा असतो, हे आपण सर्व जाणतो आणि त्याविषयी बोलत नाही. प्राध्यापकांच्या मुलांना त्या चेंबरमध्ये उतरायचे असते तर हवा मोजणारे यंत्र केव्हाच खरेदी झाले असते. विद्यार्थ्याला प्रवेश देताना आम्ही जन्मदाखला मागतो, गुणपत्रक मागतो, छायाचित्रे मागतो आणि प्रत्येकावर सही-शिक्का मागतो. माणसाला मैल्याच्या टाकीत प्रवेश देताना एक कागद मागत नाही.

तो कागद असावा आणि त्यावर कंत्राटदाराच्या मुकादमाची नव्हे, तर विद्यापीठाच्या जबाबदार अधिकाऱ्याची सही असावी, एवढी माझी मागणी आहे. सही करणाऱ्याला हवा मोजल्याचे आकडे पाहावेच लागतील. रसायनशास्त्राच्या विभागाने ते मोजायला शिकवावे; शंभर पावलांचे तर अंतर आहे.

वसतिगृहामागचे ते झाकण पुढच्या मे महिन्यात पुन्हा उघडेल. कागद कोठे आहे, हे विचारायला मी त्या सकाळी तेथे जाणार आहे. या वेळी वाकणार मात्र नाही.