हिशेब मागणे हा देशद्रोह नव्हे!

१९५१ साली कायदामंत्रिपदाचा राजीनामा देताना बाबासाहेबांनी ३५० कोटींच्या महसुलातले सुमारे १८० कोटी लष्करावर जातात, याकडे देशाचे लक्ष वेधले होते. तेव्हा लढाऊ विमानांचा हिशेब मागणारा देशद्रोही कसा?

२०१६ मध्ये फ्रान्सकडून ३६ राफेल शस्त्रे व सुट्या भागांसह सुमारे ५९ हजार कोटींना घेतली. २०२१ मध्ये ८३ तेजससाठी सुमारे ४८ हजार कोटींचा करार झाला. स्वदेशी विमान स्वस्त पडले, असे कोणीही म्हणेल. परंतु १९८३ साली मंजूर झालेले तेजस हवाई दलात यायला २०१६ उजाडले, तेही अमेरिकी इंजिन घेऊन. १९८९ साली हाती घेतलेले कावेरी इंजिन त्याला बसलेच नाही. या ३३ वर्षांची किंमत कोणत्या अंदाजपत्रकात दिसते? तेजस ज्यांची जागा घेणार होते, ती मिग-२१ विमाने सप्टेंबर २०२५ पर्यंत उडत राहिली. त्यांच्या अपघातांत तरुण वैमानिकांचे प्राण गेले.

विमाने नकोत, असे आमचे म्हणणे नाही. परंतु इंजिन परक्याचे, तर लगामही परक्याच्याच हाती! म्हणून खरेदीच्या रकमेबरोबर दिरंगाईचाही जाब संसदेने विचारलाच पाहिजे.