नाचणी फळ्यावर, भात ताटात

पावसाळ्यात जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारावर, वरकस जमिनीत नाचणी आणि वरई उभी असते. त्याच पाड्यावरच्या शाळेत दुपारच्या सुट्टीत मुलांच्या ताटात मात्र मुख्यतः सरकारी गोदामातून आलेला तांदूळ पडतो. नाचणीत कॅल्शियम असते हे मुले धड्यात शिकतात. शाळेच्या जेवणात ती क्वचितच भेटते.

हा प्रश्न केवळ चवीचा नाही. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. त्यानंतर अनेक योजना आल्या, तरी कुपोषणाने या भागाची पाठ सोडलेली नाही. वाढ खुंटण्याचा मोठा भाग वयाच्या पहिल्या दोन वर्षांत घडतो. तिथे शाळेचा आहार उशिरा पोचतो हे खरे. पण आज आठवीत बसलेली मुलगी उद्याची आई आहे. तिच्या अंगात रक्त किती आणि हाडे किती भक्कम, यावर पुढच्या पिढीचे जन्मवजन अवलंबून असते.

शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पॉलिश केलेल्या तांदळात ते जेमतेम दहाच्या आसपास. लोहही तांदळापेक्षा कितीतरी जास्त. प्रथिने मात्र सातच टक्के, म्हणजे जवळपास तांदळाइतकीच. त्यामुळे नाचणी आली म्हणून डाळ किंवा अंडे कमी करून चालणार नाही. शिवाय नाचणीतील काही घटक लोह शोषू देत नाहीत. मोड आणून दळल्यास त्यांचा प्रभाव घटतो आणि सोबत लिंबू किंवा आवळा असेल तर लोह अंगी लागते. ही माहिती नुसती फळ्यावर लिहिण्यापेक्षा मुलांनी शाळेतच नाचणी भिजवून, मोड आणून पाहिली, तर ती घरापर्यंत जाईल.

अडचण माहितीची कमी आणि पैशाची जास्त आहे. निकषानुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. तांदूळ केंद्राकडून मोफत येतो. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधनासाठी १ मे २०२५ पासून प्रत्येक मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे ठरले आहेत. गावातली नाचणी विकत घ्यायची तर ती यातच बसवावी लागते. राज्याने २०२४ मध्ये शालेय आहाराच्या पाककृतींत नाचणी सत्त्वाचा समावेश केला. जानेवारी २०२५ मध्ये मात्र त्याला लागणारी साखर लोकसहभागातून मिळवण्यास शाळांना सांगितले. ज्या पाड्यांतील निम्मी घरे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, तिथे लोकसहभाग मागायचा कोणाकडे?

खर्च तसा अवाक्याबाहेरचा नाही. २०२५-२६ साठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये आहे. तीस ग्रॅम नाचणी म्हणजे सुमारे दीड रुपया. त्यातून शंभरावर मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हणजे सात ते नऊ वर्षांच्या मुलाच्या रोजच्या गरजेचा साधारण सहावा हिस्सा. दळण आणि वाहतूक धरली तरी आठवड्यातून दोन दिवस हे जमण्यासारखे आहे. ब्राझीलने २००९ च्या कायद्याने शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतील किमान ३० टक्के रक्कम छोट्या शेतकरी कुटुंबांकडून खरेदीसाठी राखली. आपल्याकडे आदिवासी विकास महामंडळ हमीभावाने खरेदी करतेच. ती नाचणी त्याच तालुक्यातील शाळांकडे वळवायची, एवढाच दुवा जोडायचा आहे.

भाजीचे गणित वेगळे. पावसाळ्यात टाकळा, करटोली, कुलू अशा रानभाज्या भरपूर असतात, पण शेवळीसारखी भाजी नीट शिजवली नाही तर घशाला खाज सुटते. म्हणून शाळेने गावातील जाणत्या बायकांनी ओळखून दिलेलीच भाजी वापरावी, आणि त्यांनाच वर्गात बोलवावे. उन्हाळ्यात विहिरी आटतात. अशा वेळी परसबागेसाठी हात धुण्याचे पाणी आणि कमी पाण्यावर तगणारा शेवगा हाच व्यवहार्य मार्ग.

यात सर्वांत जास्त काम वाढेल ते स्वयंपाकी महिलांचे. भाकरी थापायला खिचडीपेक्षा वेळ लागतो. तेव्हा आंबील किंवा नाचणीच्या लापशीपासून सुरुवात करावी आणि वाढीव कामाचे मानधनही द्यावे. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी मुलांची उंची, वजन व हिमोग्लोबिन मोजले, तर या बदलाचा उपयोग किती झाला तेही कळेल.

नाचणी हे गरिबाचे अन्न, असे या मुलांनी अनेकदा ऐकलेले असते. शाळा तीच नाचणी त्यांच्या आईवडिलांकडून योग्य भावाने विकत घेईल, तेव्हा तिची किंमत त्यांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.