वृद्धांच्या चिकित्सेतील तिसरा पाद

चिकित्सेचे चार पाद आपण विद्यार्थिदशेपासून पाठ करीत आलो आहोत. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी असा त्यांचा क्रम सांगितला व प्रत्येकाचे चार गुण दिले. पहिल्या दोन पादांविषयी आपल्या परिषदांतून विपुल चर्चा होते. तिसऱ्या पादाविषयी, म्हणजे परिचर्या करणाऱ्या उपस्थात्याविषयी, ती क्वचितच होते. वृद्धांच्या चिकित्सेत मात्र नेमका हाच पाद लंगडा पडला आहे, असे आमचे मत आहे.

शीळफाटा परिसरातील एक अनुभव येथे नमूद करतो. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी संधिगतवातासाठी आमच्याकडे येत. मुलगा व सून नोकरीनिमित्त दिवसभर बाहेर. त्यामुळे नेहमीचा एक रिक्षाचालक त्यांना आणून सोडी. सहा महिने आम्ही योगराज गुग्गुळाची मात्रा आणि अभ्यंगाचे तेल यांचाच विचार करीत होतो. एके दिवशी तो रिक्षाचालक दारातूनच म्हणाला, “डॉक्टरसाहेब, आजी या आठवड्यात दोनदा पडल्या. त्या तुम्हांला सांगणार नाहीत.” घरातील सर्व औषधे पिशवीत घालून आणावयास सांगितले, तेव्हा रक्तदाबाचे एकच औषध दोन निरनिराळ्या नावांनी, दोन ठिकाणांहून लिहून दिलेले आढळले. आजी दोन्ही गोळ्या नेमाने घेत होत्या. त्यांच्या डॉक्टरांशी आम्ही तत्काळ दूरध्वनीवरून बोललो. दुहेरी मात्रा थांबली आणि पडणेही थांबले. निदान आमचे नव्हते. ते त्या रिक्षाचालकाचे होते, हे आम्ही प्रांजळपणे मान्य करतो.

या प्रसंगाने चौथ्या पादाकडेही नव्याने पाहावयास लावले. स्मृती, वैद्याच्या आज्ञेचे पालन, निर्भयता आणि आपली व्यथा यथार्थ सांगण्याची क्षमता, हे रोग्याचे चार गुण होत. वार्धक्यात स्मृती मंदावते, ऐकू कमी येते, ‘मुलांना आपला भार नको’ या भीतीने व्यथा लपविली जाते. म्हणजे रोग्याचे गुण वयानुरूप क्षीण होतात आणि त्यांची उणीव उपस्थात्यास भरून काढावी लागते. पूर्वी एकत्र कुटुंबात हा पाद आपोआप उपलब्ध असे. आज तो जाणीवपूर्वक घडवावा लागेल.

शीळफाट्याची रचना या दृष्टीने बोलकी आहे. कल्याणकडून येणारा रस्ता येथे मुंब्रा-पनवेल रस्त्यास मिळतो. शीळ, डायघर, देसाई, खिडकाळी ही गावे ठाणे महापालिकेत; थोडे पुढे गेले की काटई, निळजे कल्याण-डोंबिवलीत. निळजे-काटईसह २७ गावे १९८३ साली त्या महापालिकेत आली, २००२ मध्ये वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. येथे जुनी आगरी वस्ती आहे, मुस्लिम मोहल्ले आहेत, उत्तर भारतातून आलेल्या श्रमिकांची कुटुंबे आहेत आणि पलावासारख्या संकुलांत मुलांकडे राहावयास आलेले, शेजार गमावलेले वृद्धही आहेत. अवजड वाहनांच्या त्या रस्त्यापलीकडे जाणे हेच अनेकांस दुष्कर होते. त्यांच्या वातप्रकोपास महापालिकेची हद्द ठाऊक नाही. आपल्या सेवेनेही ती मानू नये.

शासनाने काहीच केले नाही, असे नव्हे. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तरी गाठलेल्या सर्वांस, उत्पन्नाची अट न ठेवता, कुटुंबामागे वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले. सुश्रुताचार्यांनीही वार्धक्य सत्तरीनंतरच मानले, हा योगायोग मनोरंजक आहे. परंतु ही योजना प्राधान्याने रुग्णालयातील खाटेसाठी आहे. खाटेवर जाण्याची वेळ येऊ नये आणि तेथून परतल्यावर घरी कोणी पाहावे, हा प्रश्न शेजाराचाच राहतो.

तो सोडविता येतो, याचा दाखला केरळात आहे. १९९३ साली कोझिकोड येथे वेदनाशमन व परिचर्येसाठी एक संस्था स्थापन झाली. पुढे मलप्पुरम आदी जिल्ह्यांत गावोगावच्या सामान्य नागरिकांना प्रशिक्षण देऊन आठवड्यातील थोडा वेळ अंथरुणास खिळलेल्यांसाठी मागण्यात आला. निधी लहान देणग्यांतून उभा राहिला. मंदिर, मशीद, चर्च असा भेद आड आला नाही. २००८ मध्ये केरळ शासनाने याविषयीचे धोरणच स्वीकारले. आधी शेजारी उभे राहिले, मग धोरण आले, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

आपण मात्र वर्षातून एकदा शिबिर घेतो, आठ दिवसांची औषधे देतो, छायाचित्र काढतो आणि परततो. हे कटू असले तरी सत्य आहे. त्याऐवजी आम्ही पुढील गोष्टी सुचवितो. दरमहा ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी वैद्याने बसावे. जागा कधी देवळाचे सभागृह, कधी मदरसा, कधी संकुलाचे कार्यालय असावी. रिक्षाचालक, बचतगटातील भगिनी, आशा सेविका व तरुण मंडळे यांना पडणे, भूक मंदावणे, गिळताना ठसका लागणे, मलावरोध, निद्रानाश, उदासीनता ही लक्षणे ओळखावयास शिकवावे. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही एकाएकी झाल्यास तेल लावीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे, हे आपणच प्रथम सांगावे. प्रत्येक वृद्धाची सर्व पॅथींची औषधे एकाच वहीत, घरात वाचता येईल त्या भाषेत लिहावीत; ती वही वृद्धाच्या संमतीनेच इतरांनी पाहावी. नियोजनाच्या समितीत निम्मे सदस्य वृद्ध असावेत व त्यांत स्त्रिया असाव्यात. आणि या ठिकाणी औषधविक्री नसावी. विश्वास व विक्री एका मेजावर मांडता येत नाहीत.

यात वेळ जाईल, उत्पन्न मिळणार नाही, ही शंका रास्त आहे. एकट्या वैद्यास हे पेलणारही नाही. म्हणूनच परिसरातील वैद्यांनी महिन्याचे दिवस वाटून घ्यावेत आणि अॅलोपॅथीच्या स्थानिक डॉक्टरांनाही सन्मानाने बोलवावे. वृद्धाच्या एका पिशवीत सर्वांची औषधे एकत्र नांदतात, मग आपण एकत्र बसण्यास संकोच का करावा?

चरकाचार्यांनी उपस्थात्याच्या गुणांत परिचर्येचे ज्ञान, दक्षता व शुचिता यांबरोबर रुग्णाविषयीचा अनुराग सांगितला आहे. तो अनुराग त्या रिक्षाचालकापाशी होता. परिचर्येचे ज्ञान त्याला देणे आपल्या हाती होते. आपण त्याला दारातच उभे ठेवले. यापुढे त्याच्यासाठी आत एक खुर्ची ठेवावी, एवढीच वैद्यबंधु-भगिनींना आमची विनंती आहे.